बेळगावातून राजकारण ऐकवताना: श्रोते नेहमी विचारतात ते प्रश्न

मी वीसेक वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात राजकीय बातमीदारी केली. आता त्याच पट्ट्यातल्या राजकारणावर मराठीत पॉडकास्ट करते. बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात माणसं थांबवून विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या? या कामात कशा आलात?

बेळगावातल्या वडगावची. घरात दोन माग होते. वडील विणायचे, आई कांड्या भरायची. मागाच्या खटखटीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि ऐकायचं म्हणजे समोरच्याच्या ओठांकडे बघावं लागतं. ती सवय आजही आहे. मुलाखत घेताना मी वहीत कमी आणि माणसाच्या तोंडाकडे जास्त बघते.

राजकारणाची गोडी १९९६ साली लागली. त्या लोकसभा निवडणुकीला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. बेळगावसह मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा, या सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून आपल्या लोकांनी ढिगानं अर्ज भरले होते. मी शाळेत होते. वडील मतदान करून आले आणि जेवताना म्हणाले, "मतपत्रिका न्हवं गं, वहीच दिली हातात. पान उलटून उलटून नाव हुडकावं लागलं." उमेदवारांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. पण एका विणकराला आपल्या माणसाचं नाव शोधायला किती वेळ लागला, मागे रांगेत उभी असलेली माणसं काय म्हणाली, हे मी कुठेच वाचलं नाही. मला तेच हवं होतं.

पुढे बेळगावात बीए केलं आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकले. परत येऊन एका दैनिकात लागले. पहिली दोन वर्षं हळदीकुंकू, निवडी, निधनवार्ता. बाईला राजकारण देत नसत. महापालिकेचा बातमीदार आजारी पडला म्हणून एका सभेला मला पाठवलं. त्यानंतरच्या सभांनाही मीच जात राहिले.

छापील वर्तमानपत्र सोडून पॉडकास्टकडे का वळलात?

दोन कारणं आहेत. पहिलं भाषेचं.

खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत पाण्याच्या योजनेची बातमी करायला गेले होते. एक बाई म्हणाली, "पाणी येतंय म्हणतात, पर नळ कोरडाच हाय बघा. साहेब येऊन फोटो काढून गेलं, नळाचा न्हवं, स्वतःचा." दुसऱ्या दिवशी अंकात छापून आलं: "पाणीपुरवठा अनियमित असल्याची तक्रार महिलांनी केली." वाक्य मीच लिहिलं होतं. शैलीला धरूनच होतं. पण त्यात ती बाई नव्हती, साहेब नव्हता आणि फोटोही नव्हता. आमच्या भागातल्या माणसाची बोली, मधेच येणारा कानडी शब्द, तो हेल, हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं शुद्धलेखनाच्या नावाखाली पुसत आलो. आवाज मुद्रित केला की ते पुसता येत नाही.

दुसरं कारण पैशाचं. एका निवडणुकीत मी काम करत होते तिथे उमेदवारांचं 'पॅकेज' आलं. इतक्या रकमेत इतके कॉलम, फोटोसकट, आणि वर 'जाहिरात' हा शब्द नाही. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या या रोगावर प्रेस कौन्सिलच्या समितीनं २०१० साली अहवाल दिला आहे, म्हणजे हा काही एका गावचा आजार नाही. माझं नाव एका मजकुरावर घालायचं ठरलं, मी नको म्हटलं. वाद झाला. महिनाभरानं मी राजीनामा दिला. त्या काळात घरात माझाच पगार होता, त्यामुळे तो महिना मी विसरलेली नाही.

पॉडकास्ट म्हणजे रेडिओच ना?

ऐकायला तसंच, पण वेळ तुमची. भाग एकदा चढवला की तुम्ही भाकरी थापताना ऐका, नाहीतर कोल्हापूरला जाताना गाडीत ऐका. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गावोगावी मोबाइलवर ऐकणं परवडायला लागलं. त्याआधी मी हे केलं असतं तर ऐकायला कोणी नसतं.

बेळगाव म्हणता की बेळगावी?

बोलताना बेळगाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, त्यामुळे सरकारी आदेश, खटला किंवा कार्यालयाचं नाव वाचून दाखवताना तेच म्हणते. कानडी पाहुणे माझ्या कार्यक्रमात बेळगावी म्हणतात, मी त्यांना अडवत नाही. माझ्या तोंडून आईनं शिकवलेलं नाव येतं, त्यांच्या तोंडून त्यांच्या आईनं शिकवलेलं.

तुम्ही कुणाच्या बाजूच्या? महाराष्ट्राच्या की कर्नाटकच्या?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवायचं असतं.

मी मराठी आहे. माझ्या घरात हुतात्म्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या आंदोलनात माणसं गेली, हा माझ्या शहराचा इतिहास आहे आणि तो मी कुणाच्या भीतीनं गाळणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क मिळाले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं आणि ते मी माइकवर सांगते.

पण बातमीदार म्हणून माझं काम वेगळं आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीत फूट पडली तर ती का पडली हे मी विचारणार. मराठी नगरसेवकानं गटाराच्या कामात घोळ घातला तर तो मराठी आहे म्हणून सोडणार नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनी, मी सकाळी मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या निषेधाच्या सायकल फेरीत असते आणि दुपारी चन्नम्मा सर्कलला कन्नड राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. दोन्हीकडे एकच रेकॉर्डर. एका वर्षी फेरीतला एक तरुण काळी फीत दंडाला बांधून सांगत होता की त्याला इंजिनिअरिंगनंतर इथे नोकरी मिळत नाही, पुण्याला जावं लागणार. तीन तासांनी लाल-पिवळा पट्टा गळ्यात घातलेल्या मुलानं कानडीतून हेच सांगितलं, फक्त पुण्याच्या जागी बेंगळुरू. दोघांचे आवाज मी एका भागात लागोपाठ लावले, मधे माझं एक वाक्यही घातलं नाही. त्या भागावर दोन्हीकडून शिव्या आल्या. दोन्हीकडच्या आयांचे फोनही आले.

८१४, ८६५, २६४: सीमाभागातल्या गावांचा खरा आकडा कोणता?

हा गोंधळ माझ्याकडूनही एकदा झाला होता. मी एका भागात हे आकडे उलटसुलट सांगितले. निवृत्त शिक्षक असलेल्या एका श्रोत्यांनी पत्र पाठवून चूक दाखवली. पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच मी दुरुस्ती वाचून दाखवली. म्हणून आता सविस्तर सांगते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ मध्ये. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ८१४ गावं हा महाराष्ट्राचा त्या काळातला दावा. महाजनांनी १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावं-शहरं महाराष्ट्राला आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची धरून २४७ कर्नाटकला द्यावीत अशी शिफारस होती. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवायचं होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कर्नाटक आजही त्याच अहवालावर बोट ठेवतं. ८६५ हा महाराष्ट्राचा नंतरचा दावा. २७ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं जो ठराव केला त्यात हाच आकडा आहे.

म्हणजे हे तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत: जुना दावा, शिफारस आणि नवा दावा. भाषणात ते एकमेकांत मिसळतात, म्हणून ऐकताना "हा आकडा कुठल्या कागदातला?" एवढं स्वतःला विचारा.

सुप्रीम कोर्टातल्या खटल्याचं काय झालं?

महाराष्ट्रानं २००४ साली राज्यघटनेच्या कलम १३१ खाली दावा दाखल केला. दोन राज्यांमधला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची ती वाट आहे. तेव्हापासून तारखा पडत आल्या. सुनावणीला काही ठोस घडलं की मी वेगळा भाग करते. नुसती तारीख पडली तर करत नाही. 'आज ऐतिहासिक सुनावणी' असा मथळा मी स्वतः अनेकदा लिहिला आहे आणि वडगावातल्या म्हाताऱ्यांना त्या मथळ्यावर आशा धरताना पाहिलं आहे. ते पाप मला पुन्हा करायचं नाही.

मराठीत सरकारी कागद मिळणं हा हक्क आहे का?

लोक हा प्रश्न वकिलाऐवजी मला विचारतात, कारण मी फोन उचलते. थोडक्यात सांगते. राज्यघटनेचं कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो, त्यालाच आपण अल्पसंख्याक आयुक्त म्हणतो. तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व पुनर्रचनेच्या काळापासून मान्य आहे. अंमलबजावणीसाठी मात्र पाठपुरावा करावा लागतो, तोही लेखी. डीसी म्हणजे जिल्हाधिकारी, त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर केलेली घोषणा फाइलला लागत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर शिक्का आहे का ते बघा.

कानडी येतं का? कानडी पुढाऱ्यांची मुलाखत कशी घेता?

येतं, वाचता-लिहिताही येतं. त्याबद्दल मला काही मराठी मंडळींनी बोल लावले आहेत. पण ग्रामपंचायतीचा ठराव कानडीत, सातबाऱ्यासारखा उतारा कानडीत, मतदारयादी कानडीत. ती भाषा न वाचता या जिल्ह्यात राजकीय बातमीदारी करणं म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं छापणं.

मुलाखतीत पाहुणा कानडीतून बोलला तर पहिली दोन-तीन वाक्यं तशीच ऐकवते आणि मग माझ्या आवाजात मराठी. भाषांतर झाल्यावर पूर्ण मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवते. उत्तर बदलू देत नाही, पण अर्थ चुकला असेल तर दुरुस्त करते. भाषेवरूनच जिथे दगड उठतात, त्या गावात एका क्रियापदाची चूकही महागात पडते.

निवडणुकीचा अंदाज का सांगत नाही?

श्रोते यावर फार नाराज असतात. एक्झिट पोलवर तर कायद्यानंच बंदी आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-अ. ठरवून दिलेल्या काळात तो कुणालाच ऐकवता येत नाही, माझ्यासारखीलाही नाही. पण बंदी नसती तरी मी अंदाज केला नसता.

मी करते ते निकालानंतर. निवडणूक आयोग फॉर्म २० प्रसिद्ध करतो, त्यात बूथनिहाय मतं असतात. तो कागद घेऊन बसलं की गल्लीगल्लीचं राजकारण दिसतं. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीचं उदाहरण घ्या. समितीच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली आणि भाजपचा विजय जेमतेम पाच हजारांनी झाला. सगळे म्हणाले, समिती परत आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या निवडणुकीत भाजपनं ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. त्याच शहरात, पाच महिन्यांत! २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. मग मराठी माणसानं समितीला सोडलं का? माझं निरीक्षण असं: तो दोन प्रश्नांना दोन वेगळी मतं देतो. अस्मितेचा प्रश्न समोर आला की एक, रस्ता-पाणी-घराच्या नकाशाची परवानगी म्हटली की दुसरं. शहापूरच्या एका दुकानदारानं मला हे पाच शब्दांत सांगितलं होतं: "काळीज तिकडं, काम इकडं, ताई."

तुमच्या आधी इथे मराठी पत्रकारिता होती का?

होती म्हणजे काय! लोकमान्यांनी होमरूल लीगची मुहूर्तमेढ १९१६ साली बेळगावातच रोवली. महात्मा गांधी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते १९२४ चं अधिवेशन इथलंच. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली 'तरुण भारत' सुरू केला. साहित्य संमेलनांचंच बघा: १९२९ ला बेळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष 'काळ'कर्ते शि. म. परांजपे, १९४६ ला ग. त्र्यं. माडखोलकर. दोघंही संपादक. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच १९४६ च्या संमेलनात. २००० साली अध्यक्ष होते य. दि. फडके, राजकारणाचे इतिहासकार. या गावानं मराठीला बोलावलं ते बहुतेक वेळा राजकारण कळणाऱ्या माणसाच्या रूपात.

१८४८ मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय अजून आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी तिथे बसून जुने अंक चाळायचे.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याच भागात घडू शकते. इथे पत्रकार दिन दोन असतात. ६ जानेवारी हा बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा, १८३२ सालचा. १ जुलै हा 'मंगळूर समाचार'चा, १८४३ सालचा, कन्नडमधलं पहिलं वृत्तपत्र. मी दोन्ही दिवशी नमस्कार करते.

सर्वांत आवडता भाग कोणता?

निपाणीचा. तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या १९८१ च्या आंदोलनावर मला भाग करायचा होता. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते, त्या जागेचं नाव आंदोलननगर पडलं होतं आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. पुढारी, लेखक यांनी यावर बोलून झालं होतं. मला बिडी वळणाऱ्या बाईचं ऐकायचं होतं, कारण तंबाखूचा शेवटचा हात तिचा.

एक आजी भेटल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा. मी म्हटलं, आजी, कातरीचा आवाज येतोय, जरा थांबवता का? त्यांनी कातर खाली ठेवली आणि त्यांना बोलायलाच सुचेना. हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी म्हणाल्या, "बाळ, हात चालल्याबिगर तोंड चालत न्हाई बघ." मी म्हटलं, घ्या कातर. मग पाऊण तास बोलल्या. रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांना भाकऱ्या कुठल्या गल्लीतून गेल्या, गोळीबाराच्या दिवशी दारं कशी लावून घेतली, आणि शेतकऱ्याला दर मिळाला तरी हजार बिड्यांची मजुरी का वाढत नाही म्हणून त्यांनी कुणाकुणाला विचारलं. सगळ्या भागात कातरीची कचकच आहे. ध्वनी साफ करणारं सॉफ्टवेअर ती काढायला टपलेलं असतं, मी काढू दिली नाही.

ध्वनिमुद्रण कुठे करता? कोणती उपकरणं?

घरात, कपाटाच्या दारांवर गोधड्या टाकून. साधा डायनॅमिक माइक, कारण तो समोरचाच आवाज घेतो, शेजारच्या मागाचा कमी. तोंडापासून एक वीत अंतर. बाहेरगावी छोटा रेकॉर्डर आणि जादा बॅटऱ्या. एका तासाच्या बोलण्याला संकलनाचे पाच-सहा तास लागतात.

पैसे कुठून येतात?

श्रोत्यांची वर्गणी, आणि अनुवादाचं काम जे मी वेगळं करते. राजकीय पक्ष, उमेदवार, ठेकेदार यांच्याकडून एक रुपया नाही. स्थानिक दुकानांच्या जाहिराती घेते आणि त्या जाहिरात आहेत हे आधी सांगते.

धमक्या येतात का?

येतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सीमावाद पेटला आणि बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा सगळ्यात जास्त आल्या. धमकीचा संदेश मी पुसत नाही, जपून ठेवते आणि लेखी तक्रार देते. त्या दिवसांत मी एकच नियम पाळला: पडताळल्याशिवाय एकही व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही. कुठला तरी जुना दगडफेकीचा तुकडा 'आत्ताचा' म्हणून फिरत होता. दोन राज्यांमधल्या बस थांबवल्या की कोल्हापूरला डायलिसिसला जाणारा माणूस अडकतो, त्याच्यापर्यंत अशी अफवा गेली की तो घाबरून घरीच बसतो.

आमच्या गावात याल का?

येते. फक्त तीन गोष्टी तयार ठेवा: प्रश्न ज्याला सगळ्यात जास्त सोसावा लागतो तो माणूस, त्या प्रश्नाचा एखादा कागद (कानडीत असला तरी चालेल), आणि पंखा बंद केला तरी बसता येईल अशी खोली. पुढारी बोलावू नका, त्यांच्याकडे मी नंतर जाते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला दिवाळीनंतर येईन, कारण पावसाळ्यात तिथल्या कौलांवर पाऊस असा कोसळतो की माइकला माणूस ऐकूच येत नाही.